अठरा हजार टनांचे तात्या

तात्यांच्या वर्कशॉपवर बोर्ड आहे: ‘येथे उसाच्या ट्रॉल्या, गेट, ग्रील व पाण्याच्या टाक्या योग्य दरात बनवून मिळतील.’ युद्धनौकेचा उल्लेख नाही. ती अजून योग्य दरात बसलेली नाही.

वर्कशॉप मोडनिंबला, पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला. इथून समुद्र गाठायचा तर रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या पुढंच, तेही घाट उतरून. जवळचं मोठं पाणी म्हणजे उजनी. तात्यांनी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला. एकदा गणपतीपुळ्याला, तेव्हा बरोबरच्या मंडळींचा अभिषेक चालला होता आणि तात्या पाठ फिरवून लाटा मोजत होते. दुसऱ्यांदा विजयदुर्गला. तिथं ते लाटांकडं बघितलंसुद्धा नाही म्हणतात. आंग्र्यांची गोदी टेपनं मोजत होते.

जर-तरवाले लोक प्रत्येक गावात असतात. कुणी पारावर बसून रोज पानिपत जिंकतं, कुणी पडलेलं सरकार परत उभं करतं. या मंडळींचं एक बरं असतं, त्यांच्या ‘जर’ला खर्च येत नाही. विश्वासरावांना गोळी चुकवायची म्हटलं की चुकवली. जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ती रीतसर विज्ञान लावून चुकवली आहे. मी हौसेनं ती कथा तात्यांना वाचायला दिली. दोन दिवसांनी परत करताना म्हणाले, “झ्याक हाय. पण मास्तर, पानिपत लई उशिराचं. खरी आग पाच वर्सं आधीच लागली.”

ती आग म्हणजे फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्रे जुमानत नाहीत म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. हे सांगताना तात्यांचा आवाज असा होतो, की नवख्या गिऱ्हाईकाला वाटावं त्यांचं स्वतःचंच शेड जळालं. तात्यांच्या इतिहासात हे होत नाही. पेशवे आणि तुळाजी यांच्यात समेट होतो (कुणी केला विचारलं तर “पावण्यारावळ्यांनी” एवढंच उत्तर मिळतं), आरमार वाचतं, आणि दीडशे वर्षांनी, १९०८ साली, मराठी दौलतीची पहिली पोलादी युद्धनौका विजयदुर्गला बांधायला घेतात. नाव ‘तुळाजी’. वजन १८,२५० टन. तात्यांचं स्वतःचं, बुटासकट, बावन्न किलो.

इथपर्यंत तात्या आणि पारावरची मंडळी यांत मला फरक दिसत नव्हता. फरक कळला तो चिलखताच्या दिवशी. मी ट्रॉलीच्या हौद्यावर बसलो होतो. तात्यांनी खडू घेतला आणि माझ्या मांडीशेजारी पत्र्यावरच लिहिलं: ७.८५.

“हे काय?”

“एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मिलिमीटर जाड. लोखंडाचा असा पत्रा भरतो सात किलो आठशे पन्नास. ट्रॉलीला तीन मिलिमीटर वापरतो. आता इंग्रजांच्या ड्रेडनॉटचा पट्टा हाय अकरा इंची, म्हंजे दोनशे एकोणऐंशी मिलिमीटर. करा गुणाकार.”

केला. एका चौरस मीटरला २,१९० किलो. तात्यांनी त्या आकड्याकडं कौतुकानं पाहिलं आणि मग कपाळाला आठी घातली. “आणि हे नुसतं मालाचं झालं. वेल्डिंग धरलं न्हाई.” १९०८ साली जहाजं वेल्ड करत नसत, रिव्हेट ठोकत, असं मी म्हणालो. तात्या गप्प झाले. आठवडाभरानं भेटले तेव्हा जहाजाला रिव्हेट लागले होते आणि त्यांचं वजन वेगळ्या ओळीत धरलं होतं. वही निळ्या पुठ्ठ्याची, उधारीच्याच वहीची जोडीदार. तिच्यात तुळाजी समेट करतो, दौलत टिकते, दिल्लीपर्यंत वचक राहतो. इतकं सगळं खोटं तात्या डोळे मिटून लिहितात. पण वजनात एक किलो खोटं चालत नाही.

ड्रेडनॉट हा त्यांचा खरा वैरी. १० फेब्रुवारी १९०६ला इंग्रजांनी ती पाण्यात सोडली. बारा इंची दहा तोफा, टर्बाइनवर चालणारी, ताशी एकवीस सागरी मैल. तिच्यापुढं जगातली झाडून सगळी जहाजं एका दिवसात म्हातारी झाली. त्याच १९०६मध्ये मोडनिंबलाही एक क्रांती झाली, असं तात्यांचं म्हणणं. बार्शी लाइटची गाडी कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपूरला गेली. दोन रुळांत अंतर अडीच फूट. “त्यांनी जहाज सोडलं, आपण गाडी सोडली,” तात्या म्हणतात. बरोबरी झाली, असा सूर.

आणि या गाडीनंच घोळ घातला. तोफा ओतायचा कारखाना तात्यांनी कुर्डुवाडीला काढला, कारण रेल्वेचं वर्कशॉप तिथं आहे आणि फिटर मिळतात. आता नळी तयार झाली की विजयदुर्गला न्यायची, आणि न्यायची ती मोडनिंबवरूनच. का? तर गावानं बघायला नको का! पण बारा इंची तोफेची एक नळी पन्नास टनांच्या वर भरते आणि बार्शी लाइट बांधणाऱ्या कॅलथ्रॉपचा दंडक होता, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त नाही. इंग्रज नाहीत तर कॅलथ्रॉप कुठून आला, हे मी विचारलंच. “महादजींनी डी बॉयन पगारी ठेवला व्हता का न्हाई? तसा ह्यो आपला पगारी.” ठीक. मग तात्यांनी सोळा आसांची वॅगन काढली. चांगली काढली, ट्रॉलीवाल्याचा हात. नळी निघाली. मोडनिंब स्टेशनात हारतुरे झाले. पंढरपूरला पोचली आणि थांबली, कारण पंढरपूरच्या पुढं मिरजेकडं रूळ पडले ते १९२७ला.

तात्या दौलत वाचवू शकतात, पण रूळ अठरा-एकोणीस वर्षं आधी टाकायचा त्यांना धीर होत नाही. “त्याचं बजेट येगळं,” म्हणतात. तेव्हा ती तोफ चंद्रभागेच्या वाळवंटात पडून आहे. मला ती अगदी समोर दिसते. पहिल्या आषाढीलाच तिला हळदकुंकू लागलं असणार, दुसऱ्या आषाढीला नारळ फुटले असणार. १९२७ला आरमाराची माणसं न्यायला आली असतील तेव्हा देवस्थानानं सोडली असेल असं वाटत नाही.

कोळशाचं प्रकरण त्याहून बिकट. जहाजाच्या पोटात एका वेळी २,९०० टन कोळसा मावतो. तो चांद्याहून येणार. नागपूरकर भोसले द्यायला तयार आहेत, मागची बाकी चुकती केली तर. रेल्वेनं कोल्हापूरपर्यंत आला समजा. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडणार. म्हणजे पुढं बैलगाड्या, फोंडा घाटानं. गाडीला एक टन धरला तरी २,९०० गाड्या. कुठलाही इतिहासकार इथं ‘कोळसा पोचला’ लिहून पुढं गेला असता. तात्यांची हयात साखर कारखान्याच्या गाडीतळाशेजारी गेलेली. त्यांनी गाडीवान उभे केले, बैलांची वैरण धरली, घाटात पत्री मोडणार ते धरलं, आणि मग पेन्सिल थांबली.

“उचल द्यावी लागंल.”

“कुणाला?”

“टोळ्यांना. उचल घेतल्याबिगर गाडी कोण जुंपतंय? आणि उचल घिऊन टोळी फरार झाली तर? लढाई तोंडावर आलीया आणि कोळसा न्हाई.” एका हंगामात त्यांच्या मेव्हण्याचे पैसे असेच गेले होते. तेव्हापासून ‘तुळाजी’च्या अंदाजपत्रकात ‘बुडीत उचल’ असं खातं आहे. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही आरमारात हे खातं नसावं.

बाकी, तोफांचे बुरूज सात आहेत आणि त्यांना वारांची नावं आहेत. मी हसलो तेव्हा तात्यांनी मला पुराव्यानिशी गप्प केलं. ब्राझीलनं सात बुरुजांचं जहाज मागवलं, ते तुर्कस्ताननं विकत घेतलं, आणि ऑगस्ट १९१४ला इंग्रजांनी बंदरातच दाबून ‘अ‍ॅजिनकोर्ट’ नावानं वापरलं. त्याचे सातही बुरूज खलाशांच्या तोंडी रविवार, सोमवार असेच होते. “आपलं त्यांच्या आधीचं हाय,” तात्या म्हणाले. “नक्कल त्यांनी केली.”

गेल्या उन्हाळ्यात नमुना झाला. शंभरास एक मापाचा, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा, एक मीटर साठ सेंटिमीटर लांब. मापं शंभराव्या हिश्शानं कमी केली की वजन दहा लाखाव्या हिश्शावर येतं, म्हणजे सव्वाअठरा किलो. बोरांच्या आडतीतल्या काट्यावर ठेवला, बरोबर सव्वाअठरा भरला. तात्यांनी काट्याला नमस्कार केला. तिथंच थांबायला हवं होतं. पण गावाला समजलं. तालमीतल्या पोरांनी डोलकाठीवर भगवा लावला, पितळी गजावर. पुतण्यानं सेलवरचे दिवे बसवले, तेही टोकाला. काकूंनी देवघरातली जुनी घंटी दिली. तात्या प्रत्येकाला सांगत होते, “वरचं वजन वाढतंय,” आणि प्रत्येकाचं घेत होते. नाही म्हणायला त्यांना जमत नाही. त्यांची उधारीची वही म्हणूनच जाड आहे.

डाळिंबाच्या बागेतल्या शेततळ्यावर शंभरभर माणूस जमलं. मालकाला एकच घोर, तळ्यातला प्लॅस्टिकचा कागद फाटायला नको. ‘तुळाजी’ पाण्यात उतरली आणि काय सांगू, तरंगली! राखाडी, नीटस, पाण्यावर बोटभर लवत. तात्यांनी डोळे पुसले. तेवढ्यात कुणीतरी पुढं वाकून डोलकाठीला झेंडूचा हार घातला. पाण्यात बुडवून आणलेला, ताजा राहावा म्हणून.

जहाज सावकाश डावीकडं कललं, विचार केल्यासारखं थांबलं आणि उलटं झालं. शेवटी घंटी वाजली.

“हार हिशेबात नव्हता,” तात्या म्हणाले. परतताना मी त्यांना ‘कॅप्टन’ या इंग्रजी जहाजाची गोष्ट सांगितली. वरचा भाग जड, त्यात उंच शिडं. सप्टेंबर १८७०मध्ये ते रात्रीच्या वाऱ्यात उलटलं, पाचशेच्या आसपास माणसं गेली, आणि ज्याच्या डोक्यातून ते निघालं तो कौपर कोल्सही जहाजावरच होता. तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे त्यानंबी कुणाचं तरी ऐकलं आसंल.”

आता बुरूज सातावरून पाचावर आणायचे आहेत. कुठले दोन वार काढायचे यावर गेले चार महिने चर्चा चालू आहे. सोमवार उपासाचा म्हणून निघाला होता, पण काकूंनी अडवलं.

परवा गेलो तर एक नवी ट्रॉली रंगून उभी होती. मागं मालकाच्या सांगण्यावरून आईवडिलांचा आशीर्वाद लिहिलेला, आणि हौद्याच्या बाजूला तात्यांनी आपल्या मनानं एक गोल काढून त्यातून आडवी पांढरी रेघ ओढलेली. इंग्लंडात प्लिमसॉल नावाच्या खासदारानं १८७६ला कायदा करून घेऊन प्रत्येक व्यापारी जहाजावर अशी खूण मारायला लावली होती, भार किती भरायचा त्याची. ट्रॉलीचा मालक रेघेकडं बघत उभा होता.

“तात्या, हे काय काढलंय?”

“ह्या रेघंच्या वर ऊस भरला की बुडली.”

“कुठं?”

“टेंभुर्णीच्या अलीकडंच.”

मालक हसला, पैसे दिले, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. संध्याकाळी ती कारखान्याकडं जाताना दिसली. रेघ उसाखाली होती, दिसत नव्हती. तात्या रस्त्यावर येऊन ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले आणि आत जाऊन निळ्या वहीत काहीतरी लिहिलं.