पाचवीला पुजलेली

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. मी लॅटिन शिकायला घेतलं. अभ्यासाची वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ, कारण साडेआठला आमच्याकडे पानं घेतात. परवा नेमका याच वेळात 'फामेस' हा शब्द पुढ्यात आला. फामेस म्हणजे भूक. स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. अर्थ वेगळा पाठ करावा लागला नाही.

दमवलं ते व्याकरणाने. लॅटिन नामांचे रूपांनुसार पाच गट. फामेस तिसऱ्यातली, आपल्या भुकेसारखीच स्त्रीलिंगी. प्रथमा फामेस, षष्ठी फामिस, सगळं शिस्तीत. पण पंचमीला 'फामे' करताना शेवटचा स्वर नियमाने ऱ्हस्व हवा, तो निघतो दीर्घ. कवितेच्या मात्रा मोजल्या की चोरी पकडली जाते. हा दीर्घ स्वर पाचव्या गटाचा. जुन्या लॅटिनमध्ये षष्ठीसुद्धा 'फामी' अशी सापडते, तीही पाचव्याच वळणाची. म्हणजे बाई नांदते तिसऱ्या घरी, पण अधूनमधून पाचव्याचं वळण दाखवते. शिवाय लॅटिनची ही पंचमी आपल्या तृतीयेचंही काम करते, त्यामुळे 'भुकेने मेला' म्हणायला हेच रूप लागतं. भूक पाचवीला पुजलेली असते, हे रोमनांनाही ठाऊक होतं तर!

हा शब्द आला कुठून? इथे कोशकार हात वर करतात. मूळ खात्रीने सांगता येत नाही. संतती मात्र भरपूर. इंग्रजीत दुष्काळाला 'फॅमिन' म्हणतात, तो याच घराण्यातला. इटालियनमध्ये भूक 'फामे', आणि तिचं स्पेलिंग हुबेहूब इंग्रजी 'फेम'! (कीर्तीचा लॅटिन शब्द 'फामा', तो निराळा. लेखकांनी घोळ करू नये.) स्पॅनिशमध्ये आधी 'फ'चा 'ह' झाला, मग तो 'ह'ही गिळला गेला, लिहितात एचने, म्हणतात 'आम्ब्रे'. भुकेच्या शब्दाने स्वतःचंच अक्षर खावं, यात नवल ते काय?

रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस'च्या आठव्या सर्गात फामेस ही चक्क देवता आहे. खडकाळ माळावर नखांनी, दातांनी गवत उपटत बसलेली. एरिसिख्थॉन नावाचा राजा धान्यदेवतेचा पवित्र वृक्ष तोडतो, आणि ती या बयेला त्याच्या अंगात सोडते. तो सगळं राज्य खातो, मुलगी विकून खातो, शेवटी स्वतःलाच खातो. हे वाचत असताना मी चिवड्याचा डबा बंद केला. नंतर उघडला.

खरी मौज पुढेच होती. 'मला भूक लागलीय' याला लॅटिन क्रियापद आहे 'एसुरिओ'. 'एदो' म्हणजे खातो. त्याला इच्छेचा प्रत्यय लावून 'खावंसं वाटतंय'. हा 'एदो' संस्कृतच्या 'अद्'चा सख्खा भाऊ, आणि त्याच 'अद्'पासून आपलं अन्न. संस्कृतनेही हीच युक्ती केली: 'भुज्' म्हणजे खाणे, खाण्याची इच्छा ती बुभुक्षा. जिज्ञासा, पिपासा यांची ही बहीण. प्राकृतातून येता येता बुभुक्षेची झाली भूक. फामेसला बापाचं नाव सांगता येत नाही, आणि आमच्या भुकेची वंशावळ मात्र पाणिनीपर्यंत पोचते!

मी हे उत्साहाने ओरडून सांगितलं. आतून उत्तर आलं, "अहो, भाकरी गार होतेय."

लॅटिन शिकू पाहणाऱ्यांना एवढीच विनंती: हा शब्द जेवण झाल्यावर घ्या.