अर्ध्या हळकुंडाचं इंग्रजी

माझा भाऊ मेलबर्नला असतो. त्याची दोन मुलं मे महिन्यात सांगलीला यायची ठरली, तशी घरात ज्यानं त्यानं आपापली तयारी सुरू केली. आईनं डबाभर भडंग केलं, अण्णांनी आंब्याच्या पेट्या सांगून ठेवल्या आणि मी इकडे साताऱ्यात बसून इंग्रजी शिकायला घेतलं.

आमची पिढी पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. पेपरात पॅसिव्ह व्हॉइस बिनचूक करणारी आणि समोर इंग्रजी बोलणारं माणूस आलं की स्वतःच पॅसिव्ह होणारी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले अण्णा तरी बरे. चुकीचं असेल, पण ते खणखणीत बोलतात.

इंग्रजी शिकवणाऱ्या व्हिडिओंचं सध्या पेव फुटलंय. विमानतळावर कसं बोलावं, डॉक्टरांशी कसं बोलावं, सगळं मिळतं. मी ‘टीव्हीबद्दल कसं बोलावं’ हे घेतलं, कारण मला विमानात कोणी बसवणार नव्हतं आणि टीव्ही घरात होताच. रोज रात्री भांडी आवरली की एक हसऱ्या चेहऱ्याची गोरी बाई मला नवे शब्द द्यायची आणि ‘आता तुम्ही म्हणा’ म्हणून थांबायची. मी म्हणायचे. बाई ‘व्हेरी गुड’ म्हणायची. मी काय म्हटलं ते तिला ऐकू आलेलं नसल्यामुळे आमचं छान जमलं.

सांगलीला निघाले ती कोयना एक्स्प्रेसनं. माहुलीच्या स्टेशनावर गाडीत बसले आणि उजळणी सुरू केली. ‘आय ॲम ग्लूड टू द टीव्ही, आय ॲम ग्लूड टू द टीव्ही.’ ओठ हलत होते, डोळे मिटलेले. कराड गेल्यावर शेजारच्या मावशींनी हळूच विचारलं, “जप कुठला म्हणायचा हा?”

मुलं यायला आठवडा होता, म्हणून सराव आईअण्णांवरच केला. पहिला शब्द ‘काऊच पोटॅटो’. दिवसभर टीव्हीपुढे पडून राहणारा माणूस. आमच्याकडे काऊच नाही, अण्णांची आरामखुर्ची आहे, पण बाकी वर्णन तंतोतंत जुळल्यामुळे आईला शब्द फार आवडला. त्या दिवसापासून “बटाट्याला चहा दे गं” अशी हाक स्वयंपाकघरातून येऊ लागली.

अण्णांनी हयात मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर काढलेली. ते चिडले, पण स्वतःसाठी नाही. “बटाट्यानं कुणाचं काय वाकडं केलंय?” मग मी व्हिडिओतली माहिती सांगितली. 2005 साली इंग्लंडात बटाटेवाल्यांनी याच शब्दावरून लंडनला पार्लमेंटसमोर निदर्शनं केली. ऑक्सफर्डच्या शब्दकोशातून हा शब्द काढा आणि त्याऐवजी ‘काऊच स्लाऊच’ म्हणा, ही मागणी.

अण्णा खुर्चीत ताठ बसले. “बघ! आणि आमच्याकडे? ‘पी हळद नि हो गोरी’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बदनामी चाललीय. ‘अर्ध्या हळकुंडानं पिवळी’, ते एक आणखी. निघाला कधी एक तरी मोर्चा?” दुसरी म्हण उच्चारताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं ते मी विचारलं नाही. 2005 म्हटल्यावर गाडी महापुराकडे वळणं ठरलेलंच. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत. त्या वर्षी पेवांत पाणी शिरलं. ‘पेव फुटलंय’ असं मी जाता येता लिहिते आणि बोलते. अण्णांनी ती पेवं आतून पाहिली आहेत, त्यामुळे त्यांच्यासमोर तो वाक्प्रचार वापरायला मला जरा चोरट्यासारखं होतं.

पुढचा शब्द ‘सोप ऑपेरा’. अमेरिकेत 1930 च्या दशकात रेडिओवर रोजच्या रडक्या मालिका लागायच्या आणि त्यांचे पैसे साबणवाले भरायचे, म्हणून हे नाव. इथं मात्र माझा सांगलीकरपणा उसळला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या पदरी. आमच्या नाटकाला राजाश्रय होता, त्यांच्याला साबणाश्रय.

‘क्लिफहँगर’ साताऱ्याच्या माणसाला शिकवायला नको. कडे आमच्याकडे पैशाला पासरी. फक्त इतिहासात कड्यावरून कडेलोट व्हायचा; माणूस सरळ खाली, विषय संपला. ‘उद्या सायंकाळी सात वाजता बघा’ म्हणून त्याला लटकत ठेवायची रीत नव्हती.

‘बिंज वॉचिंग’ला मात्र मी अडले. 2015 साली कॉलिन्स शब्दकोशानं हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. मुळात इंग्लंडातल्या खेड्यांत ‘बिंज’ म्हणजे लाकडी भांडं पाण्यात भिजत घालणं, म्हणजे लाकूड फुगून फटी बुजतात. याचा टीव्हीशी काय संबंध, मला कळेना. अण्णांना लगेच कळलं. “बैलगाडीचं चाक ओढ्यात टाकतात तसं. उन्हानं लाकूड आटतं, लोखंडी धाव सैल होते. रात्रभर भिजवलं की चाक फुगून धाव घट्ट.” मग आईकडे बघून म्हणाले, “माणूसही सलग आठ तास टीव्हीपुढं भिजवलं की फुगतंच.” बटाट्याची परतफेड झाली.

‘पुल द प्लग’वर त्यांनी मला थेट पत्ताच दिला. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद. “तिथं जाऊन राहा,” अण्णा म्हणाले, “व्हिडिओ बघायची गरज नाही, गाव करून दाखवेल.”

भाऊ मुलांना घेऊन आला. पहिल्याच रात्री जेवताना मी घसा साफ करून विचारलं, “व्हॉट्स ऑन टीव्ही टुनाइट?”

धाकट्यानं मान वळवून नीट पाहिलं. “अ क्लॉथ, आत्या.”

खरंच होतं. आईनं विणलेला रुमाल टीव्हीवर टाकलेला होता. मी हार न मानता पुढचं वाक्य काढलं, “डोन्ट टच दॅट डायल!” डायल म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते इंग्रजीतून समजावणं माझ्या बाईनं शिकवलं नव्हतं. शेवटी भावानं धाकट्याचा कान धरून हळूच पिळला आणि म्हणाला, “दिस इज डायल.” चॅनेल सर्फिंग, प्राइम टाइम, रीरन, सगळी शिदोरी तशीच परत साताऱ्याला आणावी लागली. त्या पोरांनी आयुष्यात कधी टीव्हीची वाटच पाहिलेली नाही. हवं ते हवं तेव्हा लावतात.

त्याऐवजी ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्या मालिका बघत बसली. तीन आठवड्यांत थोरलीला ‘कारस्थान’ आणि ‘सूनबाई’ यायला लागलं. आईनं मुंबई दूरदर्शनचे दिवस पाहिलेले. चित्र गेलं की तेव्हा ‘व्यत्यय’ असा फलक यायचा. हा शब्द तिला शाळेनं नव्हे, टीव्हीनं दिला आणि तेव्हापासून तो तिच्या तोंडात बसलाय. वीज गेली, व्यत्यय. नळ गेला, व्यत्यय. मी इंग्रजी बोलायला तोंड उघडलं, व्यत्यय.

परवा मेलबर्नहून व्हिडिओ कॉल आला. आई भडंग संपलं का विचारत होती, तेवढ्यात नेट अडकलं. भावाचा चेहरा अर्धवट तोंड उघडून गोठला, आवाज तुटला. मग त्या गोठलेल्या चित्रामागून धाकट्याची आरोळी आली, “आजी, व्यत्यय!”

कॉल पुन्हा लागायला चार मिनिटं गेली. तोवर अण्णांनी टीव्ही लावला होता.