पगारी वाचक कसे व्हावे

ज्यांना खरोखर पुस्तकं वाचायची आहेत त्यांनी बँकेत, तलाठी कार्यालयात किंवा मामाच्या कापडदुकानात नोकरी धरावी. वाचनालयात येऊ नये. तरीही अमरावती-अकोल्याकडे ग्रंथपालाची नोकरी म्हणजे पंख्याखाली बसून कादंबऱ्या वाचण्याचा पगार, असा पक्का समज आहे. हा समज उराशी धरून नवी नवी मंडळी ग्रंथालयशास्त्राच्या वर्गाला नाव घालतात. त्यांच्या सोयीसाठी ही मार्गदर्शिका सिद्ध करण्यात येत आहे. घर अमरावतीत आणि वाचनालय अकोल्यात असणाऱ्या सेवकाला यातल्या सूचना तंतोतंत लागू आहेत. इतरांनी गाडीचं नाव बदलून घ्यावं.

सर्वप्रथम पगार समजून घ्यावा. तो महिन्याला होत नाही, अनुदानाला होतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. शाळेत जी श्रेणी पोराला मिळते ती इथे संस्थेला मिळते. वर्ग पाहून सरकार वर्षाचं अनुदान ठरवतं, ते दोन हप्त्यांत येतं आणि त्यातला निम्मा वाटा वेतनासाठी असतो. दोन हप्ते म्हणजे वर्षातून दोनदा पगार असा अर्थ काढू नये. किराणा दुकानदार तो आधीच काढून बसलेला असतो. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं. वाढलं ते नेमकं कशाच्या ६० टक्के, असं पाहुण्यांनी विचारल्यास चहा टाकायला आत निघून जावं.

आठवड्याची सुरुवात सोमवारपासून करावी, कारण सोमवारी वाचनालय बंद असतं. वाचनासाठी हा एकच मोकळा दिवस असल्याने तो आधीच भरून ठेवलेला बरा. सकाळी नळ येतो. नळ गेल्यावर दळण, दळणानंतर जुन्या लुगड्यांची गोधडी, जी दिवाळीत सुरू झाली होती आणि अजून एका कोपऱ्यातून पुढे सरकलेली नाही. उन्हाळा असेल तर गच्चीवर कुरड्या. कुरड्या राखताना हातात पुस्तक घेऊन बसायला कुणाचीच हरकत नसते. कावळ्यांची तर मुळीच नसते.

मंगळवारी गाडी. बडनेऱ्याहून अकोल्याला जाणारा अप-डाऊनवाला तासा-दीड तासाचा धनी असतो, तेव्हा निदान गाडीत तरी वाचन होईल असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात लेडीज डब्यात पुस्तक उघडणं म्हणजे आपल्याला कुणाशी बोलायचं नाही असं जाहीर करणं, आणि वऱ्हाडात हा अपमान कुणी गिळत नाही. "काय वाचून राह्यल्या मॅडम? सांगा ना मंग आमाले बी." सांगावं लागतं. कथानक मूर्तिजापूरपर्यंत संपवावं, कारण तिथे विषय बदलतो. मूर्तिजापूर आलं की शकुंतलेचा उसासा टाकणं सक्तीचं आहे. इथून एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर अशी अरुंद रुळांवरून जाणारी ती गाडी इतकी निवांत होती, की तिच्यात बसून माणसाने जाडजूड कादंबरी हातावेगळी केली असती. ती बंद पडली आणि वऱ्हाडातलं एक उत्तम वाचनालय गेलं.

एसटीने जाणाऱ्यांचे हाल निराळे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पार पडलं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. वाचकांनी ते बुक मागितलं, म्हणून आम्ही खरेदीचं मागणीपत्र समितीपुढे ठेवलं. त्याला १०५ तासांच्या वर होऊन गेले आहेत.

वाचनालयात पोचल्यावर पहिलं काम कूलरचं. मार्च ते जून या काळात वऱ्हाडात माणसाने काय वाचावं हे समीक्षक ठरवत नाहीत, कूलर ठरवतो. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक वगैरे. १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. पण रंगनाथन मद्रासचे. त्या दमट हवेत कूलरचा काही उपयोग नसतो, त्यामुळे सहावा नियम त्यांच्याकडून राहून गेला असावा: ग्रंथाला वाचक मिळत नसेल तर ग्रंथाशेजारी कूलर ठेवावा.

प्रयोग असा करावा. कूलर अध्यात्माच्या कपाटाशेजारी असतो तेव्हा दुपारी एक ते चार निवृत्त मंडळी संतवाङ्मयाच्या सान्निध्यात डुलक्या घेतात आणि गावात धार्मिक वाचन वाढल्याचा समज पसरतो. तोच कूलर समीक्षेच्या कपाटासमोर सरकवावा. जन्मात कुणी न उघडलेले समीक्षाग्रंथ भराभर हातात घेतले जातात, कारण नुसतं बसणं बरं दिसत नाही. पुस्तक घरी कुणी नेत नाही, पण जागेवर वाचणाऱ्यांचा आकडा फुगतो आणि वार्षिक अहवाल सुधारतो. कूलरमध्ये पाणी भरणं ग्रंथपालाच्या कर्तव्यसूचीत शोधू नये. तिथे शेवटी 'व इतर अनुषंगिक कामे' असं लिहिलेलं असतं. बादली त्यात येते.

यानंतर वाचक येतात. वाचक पुस्तकाचं नाव सांगत नाही, खूण सांगतो. "थे लाल पुस्तक द्या ना हो, माह्या साळ्यानं नेलं होतं थे." अशा वेळी दशांश वर्गीकरणाचा अभिमान बाळगू नये. मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे, साळ्याला नाही. सरळ विचारावं की साळेबुवा कुठले, आणि दर्यापूरचे निघाले तर रजिस्टर उघडावं. पुस्तकं लावायला उन्हाळी सुटीतली उत्साही पोरं ठेवू नयेत. गो. नी. दांडेकरांची 'पूर्णामायची लेकरं' ही कादंबरी अशाच एका मुलाने नद्या आणि पाटबंधारे यांच्या अहवालांत लावली होती. ती तिथे सापडली तेव्हा शेजारच्या सगळ्या अहवालांपेक्षा पूर्णेची माहिती तिच्यातच जास्त निघाली, म्हणून काही दिवस तशीच राहू दिली.

अभ्यासिकेविषयी थोडक्यात सांगायचं तर तिथे पोलीस भरतीची आणि एमपीएससीची मुलं पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात आणि आमचं एकही पुस्तक उघडत नाहीत. त्यांची पुस्तकं त्यांच्याजवळ असतात. त्यांना आमच्याकडून एक खुर्ची, एक प्लग आणि शांतता लागते. पहिल्या दोन गोष्टी मिळतात. रंगनाथनांचा पाचवा नियम म्हणतो, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. दारातल्या मोटारसायकली मोजल्या की तो पटतो.

आता हस्तकला. हाताला काम असणारा सेवक वाचत नाही, म्हणून समितीला तो आवडतो. दुपारी दोन ते चार काउंटर थंड असतो तेव्हा बाइंडिंग काढावं.

आधी खळ. मैदा पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून मंद आचेवर ढवळत राहावा आणि तो चमकू लागला की चिमूटभर मोरचूद घालावा. मोरचुदाची डबी चहा-साखरेच्या डब्यांपासून दूर, उंच ठेवावी. ही एक सूचना विनोदाने घेऊ नये. मोरचूद कशासाठी, तर कसरीला पुस्तकात गोडी नसते, तिला खळ हवी असते, पुस्तक फक्त वाटेत येतं. खळ निवेपर्यंत जुनी शिवण उसवून फर्मे, म्हणजे घडीच्या पानांचे जुडगे, सुटे करावेत. घडीवर फाटलेल्या पानांना पतंगाच्या पातळ कागदाची पट्टी लावावी. दाभणाने पाडलेल्या भोकांतून मेण फिरवलेला दोरा ओढावा. तो ओढताना करंगळीला चर पडतो आणि तो आठवडाभर राहतो, त्यावरून खरा ग्रंथपाल ओळखावा. काही वाचक फाटलेलं पान सेलोटेपने चिकटवून आणतात आणि उपकार केल्यासारखे उभे राहतात. त्यांचे आभार मानावेत. सेलोटेप पिवळा पडून पान खातो तोवर ते सभासद राहिलेले नसतात.

शिवलेलं पुस्तक शिकंज्यात दाबायचं असतं. शिकंजा नसेल तर मराठी विश्वकोश घ्यावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढे एकूण २० खंड झाले. आमच्याकडे एवढ्या नियमितपणे उपयोगी पडणारा दुसरा संदर्भग्रंथ नाही. चार खंड खाली, चार वर, मध्ये शिवलेली कादंबरी.

सेवकाला अधिकृत वाचन करता येतं ते इथे, खळ वाळेपर्यंत. पण पुस्तक सुटं असतं आणि फर्मे ज्या क्रमाने मोकळे होतील त्या क्रमाने वाचावे लागतात. उद्धव शेळक्यांची 'धग' आम्ही अशीच वाचली. १९६० मध्ये आलेली, आमच्याच भागातली, वऱ्हाडी बोलीतली कादंबरी. रोज कुणाच्या ना कुणाच्या हातात आम्हीच दिलेली. शिंप्याच्या घरची कौतिक आधी मधल्या फर्म्यात भेटली, संसाराशी झुंजताना. मग सुरुवातीच्या फर्म्यात गेलो तर ती अजून उमेदीत होती. पुढचे दोन फर्मे खळीत ओले. कादंबरी उलटी वाचल्यावर सुखाची पानं फार जड जातात, हे कोणत्याही समीक्षाग्रंथात लिहिलेलं नाही, कूलरसमोरच्या तर नाहीच नाही. शेवटच्या फर्म्यांना हात लागायच्या आत चार वाजले आणि घंटी वाजली. दुसऱ्या दिवशी निळं रेक्झिन चढवून पुस्तक काउंटरवर ठेवलं, तर नव्यासारखं दिसतं म्हणून एकाने तिथूनच उचललं.

बुधवार आणि गुरुवार यांविषयी लिहिण्यासारखं काही नाही. ते होतात.

शुक्रवारी तालिका कार्डं. पुस्तकांची नोंद संगणकावर गेल्यापासून साडेबारा बाय साडेसात सेंटीमीटरची ही जाड कार्डं पोत्यांत भरून पडली आहेत. पिढ्यान् पिढ्यांच्या ग्रंथपालांचं मोत्यासारखं अक्षर त्यांवर आहे, त्यामुळे रद्दीत द्यायला हात धजत नाही. सुदैवाने सळई ओवण्यासाठी प्रत्येक कार्डाला खालच्या बाजूला भोक असतं. म्हणजे तोरणाची निम्मी तयारी शासनाच्या खर्चाने झालेली आहे. संस्थेच्या एखाद्या पदाधिकाऱ्याच्या घरी लग्न निघालं की रुखवताचा काही भाग वाचनालयाकडे येतोच: "कागदाचं काम तुमाले लय चांगलं जमते बाप्पा." नाही म्हणू नये. कार्डांची फुलं कातरावीत, मधल्या जागी कापसाची फुलवात बसवावी. कापसाला आपल्याकडे तोटा नाही, भावाला आहे. मांडवात तोरण लागलं की वरपक्षाचे काका चष्मा काढून एकेक फूल वाचू लागतात. 'लेखक अज्ञात, विषय: गुरांचे रोग' हे फूल नवरदेवाच्या बरोबर डोक्यावर येणार नाही एवढी काळजी घ्यावी.

क्रोशाचं काम मात्र काउंटरवर उघडपणे करू नये. पुस्तक वाचताना दिसलात तर लोक म्हणतात, मजा आहे. क्रोशा विणताना दिसलात तर अर्ज जातो. दशांश पद्धतीत विणकाम ७४६.४३ ला आणि स्वयंपाक ६४१.५ ला आहे. सातशे आणि सहाशे हे शेजारी असले तरी सेवक संध्याकाळच्या गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात जातो आणि ८९१.४६ पर्यंत पोचायच्या आत दिवा मालवतो.

शनिवारी परत आलेली पुस्तकं झटकावीत. ही खरी वाचनाची वेळ. पुस्तकात लोक काय ठेवतात ते वाचावं: एसटीचं तिकीट, शेगावच्या अंगाऱ्याची पुडी, न पाठवलेली पत्रिका, सांभार-मिरच्यांची यादी, आणि कुठल्याशा भयकथेच्या सत्तराव्या पानावर हळदीच्या बोटाचा उमटलेला ठसा, म्हणजे चुलीवर भाजी असतानाही कुणाला पुस्तक खाली ठेववलं नव्हतं. वस्तू पाकिटात घालून त्यावर सभासद क्रमांक लिहावा. त्या न्यायला सहसा कुणी येत नाही.

रविवारी सगळे वाचक एकदम येतात. त्यांतला कुणीतरी म्हणतोच, "तुमचं बरं हाये मॅडम, दिवसभर वाचाले भेटते." हसून पुढच्याचं कार्ड घ्यावं.

शेवटची सूचना वाचकांसाठी. निळ्या रेक्झिनची 'धग' ज्यांनी काउंटरवरून नेली त्यांनी ती आणून द्यावी. विलंब शुल्क घेतलं जाणार नाही, अनामत कापली जाणार नाही, हळदीचा डाग असला तरी चालेल. फक्त शक्यतो रविवारी आणावी, दुसऱ्या दिवशी आम्हाला सुटी असते.