आखेनकर

पुणेकर, नागपूरकर, सोलापूरकर या जुन्या घराण्यांत अलीकडे आखेनकर या नव्या घराण्याची भर पडली आहे. आखेन हे जर्मनीच्या पश्चिम टोकाचं शहर. तिथल्या बसमध्ये डुलकी लागली, तर जाग नेदरलँड्समध्ये येऊ शकते. या गावातल्या १८७० सालच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्स करायला गेलेला मराठी मुलगा म्हणजे आखेनकर. तो जातो इंजिनिअर व्हायला, आणि पहिल्याच सेमिस्टरमध्ये स्वतःची आई होऊन बसतो.

सुरुवात पैशांपासून होते. व्हिसासाठी वडिलांनी ११,९०४ युरो खात्यात भरलेले असतात. पण बँक दरमहा ९९२ युरोच हातावर टेकवते. घरचेच पैसे असे रेशनवर मिळू लागले, की पुण्यात तीनशे रुपयांची कॉफी डोळे झाकून पिणारा हा गडी कोथिंबिरीच्या चार काड्यांपुढे उभा राहून मनातल्या मनात शंभराने गुणतो, आणि काड्या परत जागेवर ठेवतो. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात, हा शोध लागल्यावर तर विचारूच नका. ज्याने घरी कधी रद्दीचा गठ्ठा उचलला नाही, तो दर शनिवारी बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून निघतो. शनिवारीच, कारण रविवारी दुकानं बंद. शनिवारी कांदे आणायचे राहिले, तर सोमवारपर्यंत कांद्याशिवाय संसार.

सकाळचं लेक्चर कारमान ऑडिटोरियममध्ये. तास संपला की जर्मन पोरं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. इकडे बाक वाजवल्याबद्दल वर्गाबाहेर उभं राहिलेल्या आमच्या आखेनकराला ही प्रथा मनापासून पटते. प्रोफेसरांचं अर्धं डोक्यावरून गेलेलं असलं, तरी ठोकण्यात तो कुणाला हार जात नाही. दुपारी मेन्सात, म्हणजे कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, ट्रे घेऊन रांग. तिथे शेजारचा ताटात बटाटे टाकून उठला, की याच्या तोंडून निघून जातं, "एवढं टाकायचं होतं तर घ्यायचं कशाला?" मराठीतून. जेवणानंतर हिवीची नोकरी, म्हणजे संशोधन संस्थेत प्रोफेसरांच्या हाताखालचं काम. तिथे तो सेन्सरचे आकडे एक्सेलमध्ये भरतो आणि घरी सांगताना "रिसर्च चालू आहे" म्हणतो.

त्याचं खरं रूप मात्र संध्याकाळी, होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात पाहावं. वरणाला फोडणी द्यायची म्हणजे मोहीम असते. आधी खिडकी सताड उघडायची, मग दार लावायचं. एक डोळा तेलावर, दुसरा छतावरच्या धुराच्या अलार्मवर. मोहरी तडतडली, अलार्म गप्प राहिला, की कढीपत्ता. हिंग पडताच शेजारच्या खोलीतला स्पॅनिश मुलगा धावत येऊन विचारतो, "गॅस गळतोय का?" शेगडी विजेची असते, पण हिंगापुढे तर्क चालत नाही. त्याच मुलाला पंधरा दिवसांनी दोन वाट्या वरण लागतं. मग आखेनकर फ्रिजवर साफसफाईची पाळी लावतो, सिंकमधला कुकर पाहून "हा असाच ठेवलाय कुणी?" म्हणून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडतो, आणि उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करतो.

रात्री घरी फोन. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे आई आधीच पेंगुळलेली. "जेवलीस का? बाबांच्या गोळ्या झाल्या? गिझर बंद केलास?" अशी चौकशी आता तिकडून होते. मग तो हळूच सांगतो, "रिझल्ट लागला. १.३ मिळाले."

पलीकडे शांतता. थोड्या वेळाने बाबा विचारतात, "कितीपैकी?"

"तसं नसतं बाबा. ५.० म्हणजे नापास."

"असू दे," बाबा समजूत घालतात, "पुढच्या वेळी अभ्यास कर, वाढतील."

तेव्हा समस्त आखेनकरांच्या पालकांना विनंती. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० पर्यंत पास, १.३ ऐकून पोराला धीर देऊ नका, पेढे वाटा. आणि तो सुट्टीला घरी येण्याच्या आत तुमचा फ्रिज एकदा आवरून ठेवा. मागच्या डब्यात काय आहे आणि ते कधीचं आहे, हे तो विचारणारच.