अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या

वडापमध्ये माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची पेटी होती आणि पेटीवर शेजारच्या आजींची बाजाराची पिशवी. किर्लोस्करवाडी स्टेशनापासून तासगावपर्यंत हीच व्यवस्था राहिली. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला, ती जागा डोळे भरून बघायचं फार मनात होतं. डोळे भरले ते पिशवीतून वर आलेल्या शेवग्याच्या शेंगांनी.

"फोटोग्राफर का?" आजींनी विचारलं.

"तसंच काहीतरी."

"लगीन कुणाचं?"

"बेदाण्याचं."

आजींनी पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

कारखान्यातल्या यंत्रांना डोळे बसवणं हा माझा धंदा. मला स्वतःला चष्मा शोधायलाही चष्मा लागतो, ही गोष्ट गिऱ्हाइकापासून लपवण्यात माझी निम्मी अक्कल खर्च होते. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमधलं काम सोपं होतं. पट्ट्यावरून बेदाणा जाणार, कॅमेरा काळे दाणे आणि काड्या हेरणार, पुढची नळी हवेची फुंकर मारून त्यांना बाजूला उडवणार. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढून जाळ्यांवर सावलीत दोन-तीन आठवडे वाळवायची, एवढी मेहनत घेऊन केलेला माल. त्यात एक काळा दाणा दिसला की व्यापारी भाव पाडायला मोकळा.

"यात एआय हाय न्हवं?" मालकांनी पहिल्यांदा हेच विचारलं. आहे म्हणालो. हल्ली नाही म्हटलं तर चहासुद्धा येत नाही.

कॅमेरा आणि लॅपटॉप हातभर अंतरावर, मध्ये एकच केबल, तरी एकमेकांना ओळख देईनात. लग्नात मानपान चुकलेल्या व्याह्यांसारखे. लॅपटॉपचा पत्ता 192.168चा, कॅमेऱ्याने आपला आपण 169.254चा घेतलेला. दोघांना एका आळीत आणलं, फायरवॉलला गप्प बसवलं, पॅकेटचा आकार 9000 केला, आणि स्क्रीनवर बेदाणा उमटला. सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी असा.

निवडायला बसलेल्या मावश्या उठून बघायला आल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी स्क्रीनला नाक लावून उभ्या राहिल्या. "देठ दिसतोय की रं," म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, मी नुसती बोटानंच वळखते." मग हळूच विचारलं, "असला एक डोळा मला केवढ्याला पडंल?" त्यांचंच काम काढून घ्यायला आलेल्या माणसाला त्या हे विचारत होत्या. मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल बोलायला लागलो आणि मध्येच थांबलो.

मग पट्टा सुरू केला.

पट्टा थांबलेला असताना चित्र सुरेख. मोटर फिरली की चित्रात आडव्या काळ्या पट्ट्या. केबलमध्ये हरवलेल्या पॅकेटची जागा सॉफ्टवेअर काळ्या रंगाने भरतं. यंत्राला वाटलं, आला काळा बेदाणा! त्याने फुंकर मारली आणि उत्तम हिरवा माल शेडभर उडाला. सौद्याच्या वेळी व्यापारी बेदाणा उधळतात म्हणून शेतकरी ओरडतात. माझ्या यंत्राने सौद्याआधीच ती हौस फेडली.

लेन्स बदलली. एक्सपोजर कमी केलं. दिवा बदलला. आमच्या ऑफिसला फोन लावला. तिथे एसीत बसलेल्या मुलाने विचारलं, "सर, रीस्टार्ट करून बघितलं का?" मोटरच्या आवाजात माझं उत्तर त्याला ऐकू गेलं नाही, हे त्याचं नशीब.

मालकांचे वडील नारळ घेऊन आले. वायरमनने बिडी विझवली आणि निदान केलं, "अर्थिंग वाळलंय." कोळसा-मीठ घातलेला खड्डा एप्रिलात कोरडा ठाक पडतो, हे खरं. पण गावात पाणी टँकरने, आणि हा म्हणतो कॅमेऱ्याला पाजा!

इकडे मला शिडीवरून वेगळंच दिसलं. वायरिंग दिसायला नीट असावं म्हणून कुणीतरी कॅमेऱ्याची केबल मोटरच्या केबलला टायने आवळून बांधली होती. मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह विजेची भयंकर कचकच सोडतो, ती सगळी शेजारणीत शिरत होती. मी टाय कापले, केबल फूटभर लांबून नेली, जिथे ओलांडणं भाग होतं तिथे काटकोनात ओलांडली. खाली उतरून पट्टा सुरू केला. एकही काळी पट्टी नाही!

"बघा!" मी ओरडलो.

"बघा!" शेडच्या मागून वायरमन ओरडला. हातात रिकामी बादली. दोन ओतल्या होत्या.

केबल परत बांधून बघू, म्हणजे खरं काय ते कळेल, असं मी सुचवलं. मालक शिडीला पाठ लावून उभे राहिले. "हात लावायचा न्हाई सायब. चालतंय ते चालू द्या."

परतताना परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिराचं सातमजली गोपूर बघितलं, चालत्या वडापमधून, तेही चष्मा पुसता पुसता. पुण्यात पोचल्यावर बिलाचे पैसे आले. त्यातून टँकरच्या पाण्याचे कापले होते.