घड्याळ वितळलं, अर्थ काढा

साल्व्हादोर दालीच्या वितळलेल्या घड्याळांचं चित्र पाहिलं नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि पाहून त्याचा अर्थ सांगितला नाही असा सापडणं त्याहून कठीण. कपावर, टी-शर्टवर, एवढंच काय, दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्येही ते टांगलेलं असतं. (तासभर ताटकळलेल्या पेशंटला हेच चित्र दाखवायचं म्हणजे डॉक्टरच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.) १९३१ सालचं मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि ते जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर त्याहून मोठं असतं. पण कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात, ह्याच्यावर प्रबंध लिहितात.

प्रबंधांतला ठरलेला अर्थ असा : मऊ घड्याळं म्हणजे झोपेत काळाची उडालेली दाणादाण, मुंग्या म्हणजे कुजणं आणि मरण, मधोमध पसरलेला लांब पापण्यांचा गोळा म्हणजे खुद्द दाली, मागचे कडे म्हणजे त्याचा कातालोनियाचा किनारा. मला हे तोंडपाठ होतं, कारण पुतणीने ह्या चित्राचं पोस्टर आमच्या हॉलमध्ये लावलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या शंकांचं खातं माझ्याकडे होतं.

मग आत्या आली. आत्याचं स्वप्नशास्त्र पंचांगाच्या मागच्या पानांवरचं. साप दिसला की धनलाभ, दात पडला की घरच्या कुणावर संकट, एखादा मेलेला दिसला की त्याचं आयुष्य वाढलं. फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९च्या नोव्हेंबरात निघालं, पण त्याच्यावर साल छापलं १९००. आत्याच्या शास्त्रावर सालच नाही, त्यामुळे ते जुनंही होत नाही. तिने पदराने चष्मा पुसला आणि पोस्टरला नाक लावलं.

"माशी बसलीय. खायचं काहीतरी उघडं ठेवलेलं दिसतंय."

"आत्या, ते घड्याळ आहे. माशी हे प्रतीक..."

"माशी ही माशी असते. आणि ह्या मुंग्या काळ्या ना?"

"काळ्याच."

"मग काळजी नाही. काळ्या मुंग्या म्हणजे लक्ष्मी. लाल असत्या तर कर्ज. बरं, स्वप्न पहाटे पडलं की रात्री?"

दालीने आत्मचरित्रात दिलेली हकीकत मी तिला सांगितली. त्या रात्री मंडळी सिनेमाला निघाली होती. ह्याचं डोकं दुखत होतं म्हणून हा घरी राहिला आणि गालाला, म्हणजे त्याच्या सखीला, त्यांच्याबरोबर धाडून दिलं. जेवणाच्या शेवटी चांगलं मुरलेलं कॅमेम्बेर चीज खाल्लं होतं. त्या चीजच्या मऊपणाचा विचार करत तो बराच वेळ टेबलाशीच बसला. किनाऱ्याचं आणि निष्पर्ण ऑलिव्हच्या झाडाचं चित्र आधीच अर्धंमुर्धं तयार होतं. निजायच्या आधी त्याच्यावर एक नजर टाकून दिवा मालवणार, तोच त्याला घड्याळं लोंबताना दिसली. दोन तासांनी गाला सिनेमाहून परतली तेव्हा चित्र पुरं झालं होतं.

"मग हे स्वप्न नव्हेच," आत्या म्हणाली. "पित्त आहे ते. डोकं दुखतंय आणि वर रात्रीचं नासवलेलं चीज! मोरावळा द्यायचा की नाही त्या बाईने?"

पुढे विद्वानांनी ह्या घड्याळांत आईनस्टाइनचा सापेक्षतावाद शोधला तेव्हाही दालीने कॅमेम्बेरकडेच बोट दाखवलं होतं. आत्या तिथे नुसत्या माशीवरून पोचली.

खुद्द फ्रॉइडची गंमत वेगळीच. दालीसारख्या अतिवास्तववाद्यांनी त्याला आपला देव मानलेलं, आणि देवाला मात्र भक्त ठार वेडे वाटत. १९३८ साली लेखक श्टेफान झ्वाइग लंडनमध्ये दालीला त्याच्याकडे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशीच्या पत्रात फ्रॉइडने झ्वाइगला कळवलं ते साधारण असं : ह्या लोकांना मी आजवर शंभर टक्के मूर्ख समजत होतो, निदान मद्यार्काप्रमाणे पंच्याण्णव टक्के, पण ह्या स्पॅनिश पोराने मत बदलायला लावलं. भेटीत दालीला त्याने ऐकवलं म्हणतात की जुन्या चित्रांत मी नेणीव शोधतो, तुझ्या चित्रांत जाणीव. म्हणजे पोरा, तू झोपेचं सोंग घेतोयस. सोंगाला जाग येत नाही हे आत्याने वेगळं सांगितलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते होतं.

मला अस्वस्थ करते ती लक्ष्मी. कुजणं आणि मरण हा मुंग्यांचा अर्थ तसा खुद्द दालीच्याच आयुष्यातून काढलेला. पण पुढे घडलं काय? दालीने इतका पैसा केला की अतिवास्तववाद्यांच्या म्होरक्याने, आंद्रे ब्रेताँने, त्याच्या नावाची अक्षरं उलटीपालटी करून 'आविदा डॉलर्स' असं नाव पाडलं. डॉलरचा हावरट! १९६७मध्ये आपल्या एअर इंडियाने त्याच्याकडून प्रवाशांना भेट द्यायला ॲशट्रे करून घेतला. त्यातला हंस उलटा पाहिला की हत्ती दिसतो. मोबदल्यात ह्याने मागितलं हत्तीचं पिल्लू, आणि एअर इंडियाने ते विमानाने युरोपात पाठवलंसुद्धा.

"हत्तीही आला?" आत्या खुर्चीत सावरून बसली. "काळ्या मुंग्या, नंतर हत्ती. ह्याच्यात आणखी अर्थ तो काय काढायचा?"

तेव्हापासून पोस्टर उत्तरेच्या भिंतीवर आहे, कुबेराच्या दिशेला. पुतणी म्हणते उजेड चुकीचा पडतो. आत्या दर शुक्रवारी फोन करून मुंग्यांना कुंकू लावलं का विचारते.