कॅन्ससनं कॅन्ससला हरवलं

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघानं कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला हरवलं. ॲलन फील्डहाउसमध्ये पंधरा हजारांवर माणसं मावतात. त्यातल्या एकाच माणसाला हरल्याचं दुःख झालं, आणि ते आमचे आबा.

गाडीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. सीटबेल्ट लावताना म्हणाले, "रेफ्री लालवाल्यांचा पाव्हणा असणार."

"आबा, दोन्ही आपलेच होते."

"तुझं असतील. माझं निळंच."

आबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ओव्हरलँड पार्कला आले होते. साखर कारखान्यातून निवृत्त, घरी थोडा ऊस, आणि कोल्हापूरच्या फुटबॉलवर पन्नास वर्षांची निष्ठा. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यानं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाहिला नाही, त्याला ती निष्ठा सांगून कळायची नाही. पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना लागला की घराघरांत फूट पडते. तिथं तालीम म्हणजे आखाडा, तालीम म्हणजे पेठ, तालीम म्हणजे फुटबॉलचा संघ. तालीम म्हणजे सराव हा अर्थ शब्दकोशापुरता. एका संघाचं नाव तर चक्क 'प्रॅक्टिस क्लब' आहे, आणि त्यांचा एकही सामना प्रॅक्टिस म्हणून खेळलेला आबांनी पाहिलेला नाही.

अशा माणसाला मी स्क्रिमेज बघायला नेलं. चूक माझीच.

स्क्रिमेज म्हणजे मोसमापूर्वीचा आपापसातला सराव सामना. एकाच संघातल्या पोरांना अर्धी लाल, अर्धी निळी जर्सी घालायची आणि झुंजवायचं. आमच्याकडे त्या रात्रीला 'लेट नाइट' म्हणतात. पूर्वी कॉलेजच्या संघांना पंधरा ऑक्टोबरच्या आधी सरावाला बंदी होती. 1971 साली मेरीलँडच्या लेफ्टी ड्रिझेल नावाच्या कोचनं त्यातून वाट काढली. पंधरा तारीख लागून तीन मिनिटं झाली न झाली तोच, मध्यरात्री त्यानं पोरांना मैदानावर दीड मैल पळवलं. बाकीच्यांआधी सराव केल्याचं समाधान! अमेरिकेत वेड्यांना अनुयायी लवकर मिळतात. 1985 साली कॅन्ससच्या लॅरी ब्राउननं तीच मध्यरात्र लोकांना बोलावून साजरी केली आणि इथं प्रथा पडली. पुढं नियम सैल झाले, मध्यरात्रीची गरज संपली. आता 'लेट नाइट' संध्याकाळी सुरू होऊन माणसं वेळेत झोपायला घरी जातात. नाव मात्र तेच.

मी 2007 साली एमएस करायला लॉरेन्सला, ह्याच विद्यापीठात आलो तेव्हा मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एप्रिल 2008 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला दोन सेकंद उरले असताना मारिओ चाल्मर्सनं थ्री-पॉइंटर टाकून सामना बरोबरीत आणला, पुढं आपण जिंकलो, आणि त्या रात्री मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर मी अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडलो. दुसऱ्या दिवशी असाइनमेंट होती. ती राहिली ती राहिलीच. तेव्हापासून मी स्वतःला जाणकार समजतो.

तर त्या शुक्रवारी लवकर पोचलो म्हणून आबांना आधी शेजारच्या इमारतीत नेलं. बास्केटबॉलचे मूळ तेरा नियम तिथं काचेत ठेवलेत. 1891 साली जेम्स नेस्मिथनं स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, तेव्हा टाइप करून भिंतीला लावलेले दोन कागद. 2010 साली ते लिलावात 43 लाख डॉलरला गेले. आबांनी रुपयात हिशोब केला आणि मागं सरकून उभे राहिले. श्वास लागून कागद खराब व्हायला नको. मी नियम वाचून मराठीत सांगत गेलो. बॉल घेऊन पळायचं नाही. खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही, पाय घालायचा नाही.

"मग खेळायचं कसं?" आबा म्हणाले.

हाच नेस्मिथ 1898 मध्ये कॅन्ससला आला आणि इथला पहिला कोच झाला. त्याच्या हाताखाली संघानं 55 सामने जिंकले आणि 60 हरले. विद्यापीठाच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला कोच तेवढा एकच, ज्यानं खेळ शोधला तो. मुळात ह्या खेळाला कोच लागतो हेच त्याला पटत नव्हतं. आबांना हा माणूस फार आवडला. "खेळ काढला आणि बाजूला झाला. मोठा माणूस," म्हणाले. मग जरा थांबून, "पण साठ जरा जास्तच हरला."

आत गेलो. त्या दिवशी तिकीट लागलं नाही, ह्यावर आबांना आधीच शंका आली होती. तालमीत पैलवान आपसात लढतात तेव्हा बघ्यांना कुणी तिकीट लावत नाही, हे त्यांना मान्य. पण मग पंधरा हजार माणसं आली कशाला? त्यांना कामं नाहीत?

बसलो तेवढ्यात 'रॉक चॉक, जेहॉक' सुरू झालं. 1886 मध्ये इथल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकानं रचलेली ही घोषणा. बाकीच्या कॉलेजांच्या घोषणा अंगावर येतात, आमची संथ. हजारो माणसं खालच्या पट्टीत लांबवत लांबवत म्हणायला लागली की माझ्या अंगावर काटा येतो. आबांनी टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं रं?"

त्यानंतर नाचगाणी झाली. सात-सात फुटी पोरं नाचतात ते दृश्य बघण्यासारखं असतं, पण एकदाच. दरवर्षी कुणी नामांकित गायकही बोलावतात. 2019 साली स्नूप डॉग आला होता. त्याच्याबरोबर खांबावर कसरती करणाऱ्या नर्तकी आल्या, खोट्या नोटांचा पाऊस पडला आणि विद्यापीठाला जाहीर माफी मागावी लागली. त्या वर्षी आबा आले नव्हते, ही आमच्या घराण्यावर देवाची कृपा. ह्या खेपेला ते फक्त पोरांची उंची न्याहाळत होते. "ह्याला दिवसाला दूध किती लागत असंल?" एवढाच त्यांचा तांत्रिक प्रश्न होता.

आमच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. पश्चिम कॅन्ससमधला गव्हाचा शेतकरी. मांडीवर वही, कानामागं पेन्सिल. गेली कित्येक वर्षं तो प्रत्येक लेट नाइटला नोंदी करतो म्हणाला. मीही फोनवर करतो. आम्ही एकमेकांकडे आदरानं पाहिलं. गाण्याच्या मैफिलीत दोन दर्दी बघतात तसं.

सामना सुरू झाला. लाल जर्सीतल्या एका नव्या पोरानं लांबून थ्री-पॉइंटर टाकला. आत! मी उठून टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता दिसलं की त्याच्यासमोर निळा पोरगा हात खाली सोडून पाहुण्यासारखा उभा होता, आणि तोही आपलाच. मग ह्याचा नेम चांगला का त्याचा पहारा ढिला? मी फोनवर लिहिलं: बचाव काळजी करण्यासारखा. शेजारी डोकावलो. म्हाताऱ्यानं लिहिलं होतं: नेम उत्तम.

पुढच्या वेळी त्याच जागेवरून तोच बॉल रिंगला लागून बाहेर आला. ह्या वेळी निळा अंगावर गेला होता. म्हातारा लिहितो: बचाव सुधारला. मी लिहितो: नेम भरवशाचा नाही.

मिनिटाला एक अशा दोघांच्या नोंदी चालल्या होत्या. एकच सामना, एकच बाकडं. त्याच्या वहीतला संघ एप्रिलमध्ये विजेता होणार होता आणि माझ्या फोनमधला नाताळच्या आत बुडणार होता. कुणी पास चुकवला की मला टर्नओव्हर दिसे, त्याला चपळ हात दिसत. कुणी डंक मारला की त्याला उडी दिसे; मला दिसे की खाली तिघं जण स्वतःच्या बुटांकडे बघत उभे आहेत. बेरीज केली तर शून्य यायला हवं होतं. आपण जेवढे टाकतो तेवढेच आपण खातो. पण माझी बेरीज दर वर्षी उणे येते. बायको म्हणते ह्याचा बास्केटबॉलशी संबंध नाही.

आबा पाच मिनिटं ह्या सगळ्याकडे बघत होते. म्हणाले, "आपलं कोण?"

"दोन्ही."

"असं नसतं. बाजू धरल्याबिगर मॅच दिसत नाही. निळं आपलं."

"का?"

"त्यो लाल लांबडा मघापासनं दात काढालाय."

झालं. पुढच्या पंधरा मिनिटांत आबांनी जे केलं ते त्या इमारतीनं पाहिलं नसेल. ही साधी इमारत नव्हे. 2017 च्या फेब्रुवारीत इथं 130.4 डेसिबलचा विक्रम झालाय. म्हणून मी आबांना आधीच सांगितलं होतं, कानातलं यंत्र बंद करा. त्यांनी केलं. त्यामुळं आपला आवाज किती चढलाय ह्याचा त्यांना पत्ता नव्हता. सराव सामन्यात लोक सौम्य असतात. सगळेच आपले, टाळ्या दोन्हीकडे. त्या शांततेत आबांचं "धर त्याला! धर की लेका, सोडतोस काय!" खालच्या मजल्यापर्यंत गेलं. बेंचवरच्या एका पोरानं वर वळून पाहिलं. लालनं बास्केट केली की आबा कपाळावर हात मारत. निळ्यानं केली की शेजारच्या म्हाताऱ्याच्या पाठीत थाप. तिसऱ्या थापेला म्हाताऱ्याची पेन्सिल खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

त्यानं मला विचारलं, हे कुणाच्या बाजूचे? मी सांगितलं. त्यानं वही बंद केली, खिशात घातली आणि तोही निळ्यांचा झाला. मग पुढची रांग झाली. मागच्या रांगेतल्या पोरांना हे बघून चेव आला, ती मुद्दाम लालची झाली. शेवटच्या दोन मिनिटांत आमच्या कोपऱ्यात शाहू स्टेडियम उभं राहिलं होतं. बाकी हजारो माणसं पुढच्या मोसमाचा विचार करत होती. सामना चालला होता तो फक्त आमच्या दोन-तीन रांगांत.

निळे हरले. आबा खाली बसले. म्हाताऱ्यानं त्यांना समजावायचा प्रयत्न केला. कॅन्सस जिंकलं की इथं सगळे हात वर करून वाऱ्यातल्या गव्हासारखे डोलवतात. ते त्यानं करून दाखवलं. मी मराठीत सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला म्हण, हरल्यावर काय करत्यात ते सांग." त्याचं उत्तर म्हाताऱ्याकडेही नव्हतं. मग दोघं ऊस आणि गव्हाच्या पाण्यावर बोलले, मधे मी दुभाषा. ते बोलणं स्क्रिमेजपेक्षा जास्त वेळ चाललं.

घरी परतताना मी आबांना माझे जाणकार निष्कर्ष वाचून दाखवले. ते म्हणाले, गेल्या वर्षीचं वाच. फोनमध्ये होतं. ज्या पोराबद्दल मी 'थेट एनबीएत जाणार' असं लिहिलं होतं, तो वर्षभर बेंचवर बसला आणि ट्रान्स्फर पोर्टलमधून दुसऱ्या विद्यापीठात गेला. ज्याच्यापुढं मी 'पाय जड' लिहिलं होतं, त्यानं तीन सामने एकट्यानं काढून दिले.

"दुसरीकडं गेला म्हणजे?" आबांना वेगळंच खुपलं.

हल्ली मोसम संपला की पोरं पोर्टलमध्ये नाव घालतात आणि हवं तिथं जातात. 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसेही मिळवता येतात. त्यामुळं दर ऑक्टोबरात अर्धा संघ नवा असतो. खरं सांगायचं तर मी स्क्रिमेजला जातो ते आपली पोरं कोण हे बघायला.

"आमच्याकडं पण बदलत्यात तालमी," आबा म्हणाले. "पण मग त्या पेठेतनं जाताना मान खाली घालून जाया लागतंय." थोड्या वेळानं, "ह्याला कुठली पेठ?"

मी पेट्रोल भरायला थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, लाल-निळ्यांचा परतीचा सामना कधी? मी सांगितलं, कधीच नाही. आता सगळे एक, पहिला खरा सामना नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी, बाहेरच्या संघाशी.

"त्यो लांबडा लालवाला?"

"तोही आपल्यातच, आबा."

आबांनी बशी खाली ठेवली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं परतीचं तिकीट त्याच्या आदल्या शनिवारचं होतं. ते आठ दिवस पुढं ढकललंय. दंड मी भरला.